गोधडीआडचा स्टुडिओ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गाणे गायचे, कविता म्हणायची आणि ती जपून ठेवायची, तर मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागतो, ही आपली जुनी समजूत. काचेपलीकडे बसलेला माणूस हात वर करणार, लाल दिवा लागणार, आणि तासाच्या भाड्याचा हिशेब डोक्यात घोळवत आपण तोंड उघडणार. आता हे चित्र पालटले आहे. आमचे दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचे गाव. इथून पुढे निघालेली गाडी थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते. अशा गावातही आज दहा बाय बाराच्या खोलीत ध्वनिमुद्रण होते, आणि चांगले होते. मी गायक नाही, यंत्रज्ञही नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. घरातल्या तरुण पोरांनी मांडलेल्या यंत्रांपुढे बसून जे कळले, ते साध्या शब्दांत सांगणार आहे. आणि हा घरचा स्टुडिओ सर्वांत आधी कोणत्या कामाला लावावा, याबद्दल माझे एक मत आहे, तेही सांगणार आहे.

हॉटेलची खोली, निजायची खोली

आपल्या देशात ग्रामोफोनसाठी पहिली मोठी ध्वनिमुद्रणे कोणत्या स्टुडिओत झाली, असे कोणी विचारले तर उत्तर गमतीचे आहे. स्टुडिओ नव्हताच. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात उतरले आणि त्यांनी एका हॉटेलच्या खोलीत यंत्रे मांडली. तिथे गौहर जान येऊन कर्ण्यासमोर गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गळ्याच्या जोरावरच सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत रूढ झाली ती 1925पासून.

पुढे मोठाले स्टुडिओ बांधले गेले, कारण त्यांची गरज होती. मुंबईत चित्रपटगीताला पन्नास-साठ वादक एका वेळी बसत. एवढ्यांना दालनच लागणार. पण एकट्यादुकट्या गाणाऱ्याची वाट तेव्हापासूनच घराकडे वळत होती. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने 1940च्या दशकात घराच्या गॅरेजमध्येच एका सुरावर दुसरा सूर चढवण्याचे प्रयोग केले. 1963 साली फिलिप्सने कॅसेट आणली. 1979 साली साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज घेणारे छोटे यंत्र टास्कॅम कंपनीने काढले. तसल्याच यंत्रावर ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामांकित गायकाने घरी बसून कच्ची गाणी मुद्रित केली. नंतर सगळा वाद्यवृंद घेऊन ती स्टुडिओत पुन्हा गायली, पण घरच्या कॅसेटमधला जीव काही त्यात उतरेना. शेवटी 1982 साली 'नेब्रास्का' नावाने ती घरचीच गाणी बाजारात आली. आणि अगदी अलीकडे, 2019 साली, बिली आयलिश या मुलीने भावाच्या निजायच्या खोलीत बसून केलेला गाण्यांचा संच निघाला. 2020 साली त्याला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला.

म्हणजे घरात रेकॉर्डिंग करणे हे गरिबाचे काम आणि स्टुडिओतले ते खरे, असे काही राहिलेले नाही. फरक पडतो तो खोलीचा आणि खोलीत बसलेल्या माणसाच्या धीराचा.

आधी खोली, मग यंत्र

नवा शौकीन दुकानात जातो तो थेट माइक विकत घ्यायला. मी म्हणतो, आधी खोली ऐका. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक सणसणीत टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टण्ण' असे शेपूट ऐकू आले, तर ही खोली तुमच्या आवाजाला त्रास देणार. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. बारा फुटांवरच्या भिंतीला आपटून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. कानाला हा परतलेला आवाज वेगळा जाणवत नाही, पण माइक तो इमानाने टिपतो, आणि नंतर ऐकताना माणूस पत्र्याच्या डब्यात बोलतोय असे वाटते.

आमच्या भागातली घरे पाहा. खाली शहाबादी फरशी, भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब नाहीतर पत्रा. सगळे कठीण, सगळे आवाज परतवणारे. जुनी माळवदाची घरे या बाबतीत बरी होती. जाड मातीच्या भिंती बाहेरचा गोंगाट बाहेरच ठेवायच्या, आणि खोलीत उतरंड, कणगी, गाठोडी, अंथरुणाची वळकटी असा पसारा असे, त्यात आवाज विखरून जाई. ज्यांच्या घरात अशी एखादी मातीची खोली अजून उभी आहे, त्यांना अर्धा स्टुडिओ वारशाने मिळाला असे समजा.

ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी काय करावे? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम, आणि आतला आवाज भिंतींवर नाचू न देणे हे दुसरे. पहिल्या कामाला वजन लागते: जाड भिंत, भक्कम दार, आणि फटी बुजवणे. दाराखालच्या फटीत जुन्या सतरंजीची गुंडाळी सारली तरी बराच फरक पडतो. दुसऱ्या कामाला मऊ आणि जाड वस्तू लागते. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवायची हौस पुष्कळांना असते. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, धूळ मात्र साठते. त्यापेक्षा आपली गोधडी बरी. लुगड्यांचे पाच-सहा थर टाके घालून शिवलेली गोधडी दोरीवर टांगली की आवाजातली धार कमी होते. आवाजातला खर्ज, तो घुमारा, मात्र पातळ कापडाला दाद देत नाही. त्याला जाडी लागते. कापसाच्या जुन्या गाद्या कोपऱ्यात उभ्या करा. आडतीतून आणलेली तुरीची भरली पोती असतील तर तीही रचून ठेवा. गोधडी भिंतीला चिकटवून लावू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. त्या मोकळ्या जागेमुळे तीच गोधडी जास्त काम करते.

आणि पंखा बंद. फ्रीज बंद. घड्याळ दुसऱ्या खोलीत. उन्हाळ्यात आमच्याकडे हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, पण इलाज नाही. शिवाय प्रत्येक गावाला शांततेचे आपले वेळापत्रक असते, ते शोधून काढावे लागते. दुधनीत दिवसा बाजार समितीतले लिलाव, हमालांच्या हाका आणि ट्रॅक्टर. मुंबई-चेन्नई लोहमार्ग गावाला लागून, तेव्हा गाड्यांचा भोंगा कधीही. पहाटेची अजान, देवळातला घंटानाद हे आवाज आपले आहेत, पण रेकॉर्डिंगच्या मध्ये आले की तेही आडवे येतात. रात्री अकरानंतरचा तास-दीड तास आणि दुपारी जेवणानंतर गाव लवंडते तेवढा वेळ, हा आमचा स्टुडिओचा वेळ. तुमच्या गावाचा तुम्ही शोधा. आठ दिवस नुसते कान देऊन बसलात तर सापडेल.

सामान किती आणि कशाला

आता यंत्रे. संगणक किंवा लॅपटॉप घरात आहे असे धरले, तर साधारण वीस-पंचवीस हजार रुपयांत बाकीचे कामापुरते सामान येते. माइक, माइकचा आवाज संगणकाच्या भाषेत उतरवणारी छोटी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कानाला घट्ट बसणारा हेडफोन, एक स्टँड आणि वायरी. बस्स.

माइक मुख्यतः दोन जातींचे. एक डायनॅमिक. हा रांगडा असतो, पडझड सोसतो, जवळचे ऐकतो आणि लांबचे फारसे मनावर घेत नाही. सभेत वापरतात तो बहुतेक याच जातीचा. दुसरा कंडेन्सर. हा हळव्या मनाचा. श्वास, ओठांची हालचाल, शेजारच्या गल्लीतले कुत्रे, सगळे टिपतो. त्याला 48 व्होल्टचा वीजपुरवठा इंटरफेसमधून द्यावा लागतो. दुकानदार बहुधा कंडेन्सर घ्यायला सांगतात. खोली शांत असेल तर त्यासारखा माइक नाही. पण खोली रस्त्यालगत असेल तर डायनॅमिक घ्या, सुखी व्हाल.

माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवावा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि माइकवर 'भप्प' असा धक्का बसतो. त्यासाठी विकत जाळी मिळते. पण कशिदा काढायच्या लाकडी रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला तरी तेच काम होते. तोंड माइकच्या नाकासमोर न धरता किंचित बाजूला धरले, तर आणखी उत्तम.

संगणकात रेकॉर्डिंगसाठी आज्ञावली लागते. ऑडॅसिटी ही 2000 सालापासून फुकट मिळते आणि घरच्या कामाला पुरून उरते. त्यात दोन आकडे निवडावे लागतात. पहिला, सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे. माणसाचा कान फार तर 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की आवाज पुरता पकडला जातो, म्हणून सीडीसाठी 44,100 हा आकडा ठरला. चित्रफितीसाठी 48,000 वापरतात. दुसरा आकडा बिटचा. तिथे 24 ठेवा. बाकीच्या बटणांना महिनाभर हात लावला नाही तरी चालेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पातळी. पडद्यावरचा हिरवा पट्टा आवाजाबरोबर वर-खाली होतो. तो जेमतेम उणे बारापर्यंत जाईल इतकाच आवाज घ्या. जुन्या टेपवर आवाज थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घ्यायची. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज धड सांधता येत नाही. हळू घेतलेला आवाज नंतर मोठा करता येतो. म्हणून भर जोरातली ओळ आधी एकदा म्हणवून घ्यावी, पट्टा पाहावा, आणि मग सुरू करावे. वायरीतून 'हूं' असा बारीक आवाज येत असेल तर तो विजेच्या 50 कंपनांचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम केले की बहुधा तो जातो.

यातले काहीच परवडत नसेल तर खिशातला फोन आहे. विमान मोड लावा, रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडा, फोन हातात न धरता घडी घातलेल्या चादरीवर ठेवा, आणि तोंडापासून दीड वीत अंतर राखा. गोधडी टांगलेल्या खोलीत फोनवर घेतलेला आवाज उघड्या खोलीतल्या महागड्या माइकपेक्षा सरस निघतो, हे मी ऐकले आहे.

कोणाचा आवाज आधी?

इथवर झाले स्टुडिओ मांडणे. आता तो वापरायचा कशाला? आमच्या भागातली तरुण मुले भजने, कव्वाल्या, भीमगीते, लग्नातली गाणी मुद्रित करतात. मला त्याचा आनंद आहे. त्यांच्या हाती जे साधन आले, ते आमच्या पिढीला मिळाले नव्हते. शाहीर अमर शेख आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. 1969 साली ते गेले. त्यांच्या पहाडी आवाजाबद्दल मी म्हाताऱ्या माणसांकडून भरभरून ऐकले आहे. मैदानातल्या त्या सभांपैकी फारच थोडे टेपवर उतरले.

म्हणून माझे म्हणणे असे की, घरच्या स्टुडिओत पहिला मान आपला नव्हे, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा असावा. आपण दहा वर्षांनीही गाऊ शकू.

आमच्या सीमाभागात एकाच गल्लीत तीन भाषा नांदतात. मराठी, कन्नड आणि आम्हा मुसलमानांच्या घरातली दखनी. आणि तिन्ही भाषांत जात्यावरची गाणी आहेत. मराठीत ओवी. कन्नडात बीसो कल्लिन पद. दखनीत चक्कीनामा, ज्याची परंपरा विजापूरच्या सूफींपर्यंत मागे जाते. त्यांनी दळणाऱ्या बायांना म्हणता यावे म्हणून सोप्या दखनीत अशी पदे रचली. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने 1978 साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांची नोंद घेतली आहे. मोहरमच्या रिवायती आहेत, त्या कन्नडातही म्हणतात आणि म्हणणाऱ्यांत अनेक हिंदू असतात. पिठाची गिरणी आली, जाते अंगणात पालथे पडले, आणि ज्यांच्या तोंडी ही गाणी होती त्या बाया आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी 1951 साली वारल्या. त्यांची गाणी मुलाने आणि नात्यातल्या एकाने वहीत उतरवून घेतली होती, म्हणून 1952 साली ती पुस्तकात आली आणि मराठीला एवढा ठेवा मिळाला. शब्द वहीत उतरले. पण त्या कोणत्या ओळीवर थांबत, कोणता शब्द लांबवत, जात्याच्या कोणत्या फेऱ्यावर श्वास घेत, हे वहीत उतरत नाही. त्याला रेकॉर्डिंगच लागते.

हे काम पद्धतशीर झाल्याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह 1980च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी टिपून घेतल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. ते झाले ते बायांच्या घरात, ओसरीवर, जात्याशेजारी. 2017पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने त्या ओव्या आवाजासह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. त्या ऐकताना मागे कोंबडा आरवतो, भांडे पडते, कोणी पोर रडते. गाणे त्यामुळे उणे होत नाही.

आमच्या घरात माझी फुफी या गाण्यांची जाणकार. तिला गोधडीच्या खोलीत माइकसमोर बसवले तर म्हणाली, "अब मेरा गला कां रया बाबा? सब भूल गई मैं." दोन गाणी कशीबशी झाली. मग पोरांनी अंगणातले जाते आत आणले. त्याला खुंटा नव्हता, तो सुताराकडून करून घेतला. पसाभर ज्वारी घातली. फुफीने खुंट्याला हात लावला आणि पंधरा-सोळा गाणी एकापाठोपाठ एक आली. ती गाणी आठवणीत नव्हती, हातात होती.

जात्यासह रेकॉर्डिंग करताना एक काळजी घ्यावी लागते. जात्याची घरघर फरशीतून स्टँडमध्ये चढते आणि आवाज गढूळ होतो. स्टँडखाली चौघडी करून रजई घाला. माइक गाणाऱ्या बाईच्या हनुवटीच्या उंचीवर, तोंडाकडे वळवून ठेवा, म्हणजे जाते ऐकू येईल पण गाण्यावर चढणार नाही. तिला उभे करू नका, खुर्चीवर बसवू नका. ती जशी बसत आली तशी बसू द्या. हेडफोन तिच्या कानाला लावू नका. आणि संगणकातला तालाचा ठोका लावून गायला तर मुळीच सांगू नका. तिचा ताल जात्याचा आहे, तो फेऱ्यागणिक थोडा ओढतो, थोडा सोडतो.

नंतरच्या साफसफाईबद्दल दोन शब्द. गाणे सुरू होण्याआधी दहा सेकंद सर्वांनी गप्प बसावे आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यावा. आज्ञावलीला तो नमुना दाखवला की तेवढी खरखर ती सगळीकडून कमी करते. पण हात राखून. जास्त केले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सूर नीट करणारी ऑटोट्यून ही आज्ञावली 1997 साली आली. गंमत म्हणजे तिचा कर्ता आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतल्या लहरी तपासायच्या कामात होता. ती तुमचा सूर जवळच्या ठरावीक स्वरावर ओढून बसवते. बाजारच्या गाण्याला ती शोभत असेल. आमच्या बायांचे सूर पुष्कळदा दोन स्वरांच्या मधल्या जागेत उभे असतात, आणि चालीची ओळख तिथेच असते. ती जागा सरळ केली तर गाणे परक्याचे होते. म्हणून मूळ रेकॉर्डिंग जसेच्या तसे ठेवावे, जे काही करायचे ते त्याच्या नकलेवर.

विचारून, नाव लिहून

एक गोष्ट यंत्रापेक्षा मोठी आहे. परवानगी. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. हा हक्क नामवंतांनाच आहे असे नाही, जात्यावर बसलेल्या म्हातारीलाही आहे. कायदा बाजूला ठेवा, रीतही तीच सांगते. आमच्या पुष्कळ घरांत, हिंदूंच्या काय आणि मुसलमानांच्या काय, बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जाण्याबद्दल संकोच असतो. काही गाणी न्हाणीघराची, बाळंतिणीच्या खोलीची, लग्नात बायाबायांत म्हणायची. त्यांत सासूची थट्टा असते, नवऱ्याची खोडी असते, रडणेही असते. ती म्हणणारीने आपल्यावर भरवसा ठेवून म्हटलेली असतात.

माझ्या फुफीने सांगितले, "घर के बच्चों कू सुनाओ. बाहर नक्को." कवी म्हणून मला वाटत होते की ही गाणी शंभर लोकांनी ऐकावीत. पण शब्द तिचा. ती रेकॉर्डिंग्ज घरातच आहेत, आणि आज या भाषणातही मी त्यातली एक ओळ सांगितलेली नाही. उद्या तिचे मन बदलले तर पाहू. आवाज जपणे आणि आवाज वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी घाई करावी, दुसऱ्यासाठी करू नये.

ज्यांनी हो म्हटले, त्यांचे नाव मात्र गाण्याबरोबर राहिलेच पाहिजे. गौहर जान प्रत्येक तबकडीच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत, आणि तिथल्या कामगारांना हे गाणे कोणाचे ते कळावे म्हणून ही सोय होती. ती सोय आपण उचलावी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाणारीचे नाव, माहेरचे गाव, गाणे कोणाकडून शिकली, आजची तारीख, एवढे तिच्याच तोंडून म्हणवून घ्यावे. फायलीचे नाव पुसले जाईल, वही हरवेल. आवाजात बांधलेले नाव आवाजाबरोबर जाईल.

आणि मुद्रण झाल्यावर एकाच ठिकाणी ठेवू नका. मूळ फाइल वेव्ह प्रकारात ठेवा. एमपी3 लहान असते कारण ती आवाजातला काही भाग टाकून देते, ती पाठवायला बरी, जपायला नाही. एका आवाजाचे रेकॉर्डिंग 24 बिट आणि 48,000 नमुन्यांनी केले, तर मिनिटाला नऊ एमबीच्या आत जागा लागते. तासभराची गाणी पाचशे-साडेपाचशे एमबीत मावतात. आजच्या मानाने हे काहीच नाही. तीन प्रती करा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे. घराला आग लागली, पूर आला, चोरी झाली, तरी एक प्रत उरते. वर्षातून एकदा उघडून वाजवून पाहा.

श्रोते हो, खोली शांत करणे, माइक वीतभर लांब ठेवणे, पट्टा उणे बाराच्या वर जाऊ न देणे, एवढे जमले की यंत्राचे काम झाले. उरते ते समोरच्या माणसाला वेळ देणे. म्हातारी माणसे लगेच गात नाहीत. आधी चहा होतो, मग गुडघेदुखी, मग कोण कोण वारले त्याची यादी. तेही रेकॉर्ड होऊ द्या, बटण दाबलेलेच ठेवा. त्या यादीतल्याच एखाद्या नावापाशी त्यांना गाणे आठवते.

तुमच्या घरात, शेजारात अशी आजी, फुफी, अव्वा असेल तर स्टुडिओ पुरा होण्याची वाट पाहू नका. फोन घ्या, खोलीत गोधडी टांगा, आणि या आठवड्यात जाऊन तिच्यापाशी बसा.